गुळाच्या वखारीतली फुली

आबांना कुणी 'घरं पाडणारा' म्हटलेलं खपायचं नाही. कुणी म्हटलंच तर आधी डोळे वटारायचे आणि मग म्हणायचे, "पाडतंय ते वादळ, न्हाईतर दारुडा. आमी उतरवतो." कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमध्ये एखादं घर, दुकान, वखार जायची ठरली की मालक आबांना शोधत यायचा. आबा मुकादम, हाताखाली पाच माणसं. कौलं, वासे, फळ्या, दारं-खिडक्या काही न मोडता एकेक करून खाली आणायचं, हे आमच्या घरचं काम. त्या कामाची मला लहानपणापासून ओढ होती आणि भीतीही होती. आज या वयात लिहायला बसल्यावर ओढ आधी आठवावी, पण नाही. भीतीच आधी येते, आणि आली की खुर्ची ओढून बसते मेली.

आमचं घर दोन खोल्यांचं. आई एका दवाखान्यात आया होती, त्यामुळे माणूस किती प्रकारांनी मोडू शकतो हे तिला नेमकं ठाऊक होतं. दुसऱ्या बायकांची काळजी मोघम असते, आईची काळजी एकेका हाडाचं नाव घेऊन असायची. संध्याकाळी ती चूल पेटवून पीठ मळून बसायची, पण भाकरी थापायची नाही. आबांच्या सायकलच्या मडगार्डचा एक नट पडलेला होता. त्याचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की मगच पहिली भाकरी तव्यावर जायची. मी एकदा आबांना म्हटलं, "नट बसवून घ्या की." तर आईच माझ्यावर खेकसली, "ऱ्हाऊ दे तसाच." आबा आत आले, की हातपाय धुवायच्या आधी तिचा प्रश्न यायचा, "किती गेलतासा?" "पाच आन मी." "आन आलासा किती?" "पाच आन मी गं बाई." मग ताटं वाढली जायची. खर्डा, भाकरी, मटकीची आमटी, कांदा फोडून. कुणाला हसू येईल, पण ह्या हजेरीशिवाय आमच्या घरात घास उतरत नव्हता.

आबांची कामाची एक रीत होती. पहिल्या दिवशी इमारतीत हत्यार न्यायचं नाही. सगळ्यांनी रिकाम्या हातांनी आत जायचं, दुपारची भाकरी तिथंच भिंतीला पाठ लावून खायची आणि तोवर फक्त बघायचं. मारुतीमामा तेवढा उंबऱ्यावर नारळ फोडायचा. हा मारुतीमामा नात्यातला कुणी नव्हे. गारगोटीकडचा गडी, आबांचा उजवा हात, आमच्या मागच्याच खोलीत बायकोसह भाड्यानं राहायचा. आबा नारळबिरळ करायचे नाहीत. आमच्या घरी रविवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची, तेवढंच. पण मामाचा नारळ फुटला की आबा भिंतीवर तळहात टेकून डोळे मिटायचे आणि बराच वेळ तसेच उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "ज्येनं बांधलं त्येचा हात कुटनं कुटं फिरलाय ते बघतो. त्येच्या उलट आपला फिरवायचा."

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती शाळेच्या सुट्टीत. नुसत्या खिळे उपटायला. पण आबांबरोबर एखाद्या घरात चार तास बसलं की ते घर बोलायला लागायचं. उंबरा मधोमध झिजलाय की एका अंगाला, कोपऱ्यातल्या मुंग्या वर चालल्यात की खाली, गिलाव्याचा डाग जुना की कालचा. दार घासत असेल तर आबा म्हणायचे, "दार उगाच घासत न्हाय सुमे. वर कोणतरी बसलंय त्येच्या." खांबावर मुठीनं ठोकून कान लावायचा. भरीव खांब 'ठक' म्हणतो, पोखरलेला 'भक' म्हणतो. आणि सगळ्यात मोठा नियम, जो आबांनी माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता: शेवटी आलं ते आधी जातं. घरात मागाहून घातलेली आडभिंत, मागाहून ठोकलेलं कपाट, मागाहून लावलेला जिना, हे आधी काढायचं. कारण त्याच्यावाचून घर एकदा उभं होतं, म्हणजे त्याच्यावाचून पुन्हा उभं राहील. किती सरळ हिशेब आहे! मला अजूनही तो चुकीचा वाटत नाही, आणि तरी तो आठवला की माझ्या हातांना घाम सुटतो.

दुसरा नियम ओरडण्याचा. कामावर कुणी ओरडायचं नाही, काहीही झालं तरी. "माणूस घाबरला की पळतोय," आबा म्हणायचे, "आन पळणारा माणूस दोन माणसांएवढा जड असतोय." ओरडण्याऐवजी अंगणात एक लोखंडी पहार दोरीनं टांगलेली असायची. तिच्यावर हातोडीचे तीन सावकाश ठोके पडले, की जो जिथं असेल तिथं थांबायचं. पाय उचललेला असेल तर तो तसाच ठेवायचा. ती पहार फक्त आबा वाजवायचे. मी सतरा वर्षांची होईपर्यंत ती दोनदाच वाजलेली ऐकली होती, आणि दोन्ही वेळी मला त्यानंतर जेवण गेलं नव्हतं.

सतराव्या वर्षी मी बांधकामाच्या डिप्लोमाला लागले. वर्गात पोरी दोन. आबांची छाती तेव्हा जी फुगली ती काही खाली बसेना. चहाच्या गाड्यावर, पानाच्या टपरीवर, अनोळखी माणसालासुद्धा, "पावणं, आमची पोरगी इंजिनेर होणार हाय," असं सांगत सुटायचे. मला लाज वाटायची आणि आवडायचंही. आबांना दोन बुकं धड येत नव्हती. मी कागदावर घराचा नकाशा काढला की ते तो उलटासुलटा फिरवत बसायचे आणि म्हणायचे, "आमी चाळीस घरं उतरवून जे शिकलो, ते हिनं सा म्हैन्यात कागदावर आणलं." असल्या कौतुकाची मला भीती वाटायला हवी होती, पण सतराव्या वर्षी कौतुकाची भीती कुणाला वाटते?

त्याच वर्षी शाहूपुरीतली एक गुळाची वखार उतरवायला आली. मालकाला तिथं चार मजली इमारत बांधायची होती. जाडजूड दगडी भिंती, मध्ये सागवानी खांबांची रांग, खांबांवर आडवी तुळई, तुळईवर फळ्यांचा माळा आणि वर कौलं. त्या माळ्यावर कित्येक वर्षं गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, रचलेले असायचे. फळ्या पाक पिऊन काळ्याभोर झाल्या होत्या. आत पाऊल टाकलं की तो आंबूस गोड वास घशात बसायचा आणि मुंग्यांच्या रांगा भिंतीवरून अशा चालायच्या, की भिंतच हलतेय असं वाटावं. मला ती जागा पहिल्या क्षणापासून आवडली नाही. कधी कधी शरीराला आधी कळतं म्हणतात. पण मला सगळ्याच जागांची भीती वाटायची, त्यामुळे या भीतीला मी वेगळी किंमत दिली नाही.

खालच्या मजल्यावर तुळईच्या बरोबर खाली फळ्यांची एक आडभिंत होती. कुणा व्यापाऱ्यानं बसायला पेढी करून घेतली असावी. तिचं लाकूड वेगळं, रंग वेगळा, खिळे तारेचे. मागाहून आलेली, हे शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या दिवशी दुपारी आबांनी माझ्या हातात खडू दिला. तोवर खुणा तेच करायचे. काढायचं त्यावर फुली, हात लावायचा नाही त्यावर गोल. "आज तू कर," ते म्हणाले आणि मालकाशी बोलायला बाहेर गेले. मी आडभिंतीशेजारच्या खांबावर छातीच्या उंचीला ठोकलं. 'ठक' वाजलं. उंदीर लागू नयेत म्हणून खांबाच्या बुडाला गुडघ्यापर्यंत पत्रा मारलेला होता. पत्र्यावर ठोकलं तर पत्राच वाजणार, म्हणून मी तिथं ठोकलं नाही. पत्रा काढून बघायला हवा होता. हत्यार नव्हतं, भूक लागली होती आणि मला नियम पाठ होता. मी आडभिंतीवर मोठी, ठसठशीत फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिघांना घेऊन वर गेले. कौलं काढून माळ्यावर रचायला लागले. जिथं गुळाच्या रव्यांचा डोंगर राहिला तिथं कौलांचं वजन ते काय, असा विचार. एक गडी रस्त्यावर गाडीत माल भरत होता. मारुतीमामा खाली एकटा, आडभिंत सोडवायला. मी अंगणात बसून खिळे उपटत होते. मामानं पेढीचं दार काढून माझ्यासमोर आणून टेकवलं, "ह्ये घे गं, सागवान हाय चांगलं," म्हणाला आणि आत गेला. दाराच्या वरच्या कडेचा खिळा काढायला मी वाकले, तर कड तिरकी होती. रंधा मारलेला. एकदा नाही, तीन-चारदा. एका बाजूला रंगाखाली रंधा, त्यावर पुन्हा रंग, पुन्हा रंधा, आणि सगळ्यात वरचं लाकूड अजून पिवळं, ताजं. वर्षानुवर्षं हे दार अडकत गेलं होतं आणि वर्षानुवर्षं कुणीतरी ते तासत आलं होतं.

वर कोणतरी बसलंय त्येच्या.

पत्र्याआडचा तो खांब बुडाशी पोखरलेला होता. खांब खाली बसत होता, तुळई त्याच्याबरोबर खाली येत होती, आणि आता ती त्या उपऱ्या, मागाहून आलेल्या फळ्यांच्या भिंतीवर टेकली होती. माझ्या फुलीवर. तिच्यावर माळा, माळ्यावर सकाळपासून रचलेली कौलं, आणि कौलांशेजारी माझा बाप. तोंडातून किंकाळी येत होती ती मी अक्षरशः हातानं दाबली. ओरडले असते तर वरचे चौघं जिन्याकडे धावले असते, एकाच वेळी, त्याच माळ्यावरून.

मी चालत आत गेले. पळायचं नाही, पळायचं नाही, असं मनात म्हणत. मामानं अर्ध्याअधिक फळ्या काढल्या होत्या आणि चौकटीचा मधला उभा दांडा सोडवून खांद्यावर तोलून धरला होता. वरून चुन्याची भुकटी झरत होती, अगदी बारीक, पीठ चाळल्यासारखी. "मामा, हलू नका," मी म्हटलं. मामानं माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. "तरीच म्हणलं," तो हळू म्हणाला, "ह्यो दांडा येवढा जड का लागाय लागलाय." शेजारच्या खांबाच्या बुडाचा पत्रा मधोमध चुरगळून फुगला होता. "जा. पहार वाजीव. आन पोरी, सावकाश वाजीव."

तीन ठोके. पहिला ठोका नुसताच घसरला. मग वाजले. वरचा कौलांचा खडखड आवाज एकदम थांबला. छपराच्या उघड्या वाशांतून आबांचं तोंड दिसलं. मी हाताचा पंजा खाली दाबून दाखवला, मग दगडी भिंतीकडे बोट केलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. एकेका गड्याला त्यांनी माळ्यावरून उचलल्यासारखं करून बाहेरच्या भिंतीच्या माथ्यावर घेतलं आणि शिडीनं खाली सोडलं. एक. दोन. तीन. आणि मग स्वतः. एवढ्या वेळात आत मामा एकटा उभा होता, खांद्यावर सगळी वखार घेऊन. मी दारातून त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या मानेची शीर तटतट उडत होती. "बोल की कायतरी," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, "मामा, आज मामीनं डब्यात काय दिलंय?" तो म्हणाला, "वांगं."

आबा एक जाड वासा घेऊन आत शिरले. मला दारातून मागं ढकललं. मामानं दांड्याखालचा खांदा न काढता एका हातानं धरलं आणि दोघांनी मिळून वासा तुळईखाली उभा केला, आबा बुडाला पाचर ठोकायला वाकले, आणि बहुतेक दुसऱ्या ठोक्याला तो खांब बसला. मोडला नाही, बसला, म्हातारा खाली बसतो तसा. मामानं आबांना लाथ घालून भिंतीकडे उडवलं, स्वतः उडी मारली, आणि त्याचा एक पाय मागं राहिला. मग काही दिसलं नाही. धूळ, कौलं फुटल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यातून येणारा गुळाचा गोड वास. आजतागायत मी गूळ तोंडात घातलेला नाही. संक्रांतीला लोक तिळगूळ देतात तो हातात धरून ठेवते.

मामाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या संध्याकाळी आबा सायकलशिवायच, चालत घरी आले. आईला दवाखान्यातच सगळं कळलं होतं, तिनं हजेरी घेतली नाही. आबा भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक माझी हाय. कुणी इचारलं तर तू गप ऱ्हायाचं." मी गप्प राहिले. मालकाला त्यांनी तेच सांगितलं, गड्यांना तेच. दोन दिवसांनी मामी आमच्या दारात आली. केस मोकळे, पायात चप्पल नाही. ती काय बोलली, तिनं काय केलं, ते सगळं इथं लिहीत नाही. आबा उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभे होते. मी त्यांच्या मागं, दाराच्या आत होते. दोन शब्द बोलायचे होते मला, 'फुली माझी'. वखारीत भीतीनं मला चालवलं, बोलवलं, पहार वाजवायला लावली. इथं तिनं मला खिळ्यासारखं ठोकून ठेवलं.

मामा-मामी गावी निघून गेले. आबांनी मुकादमी सोडली आणि एका लाकडाच्या वखारीत मोजणीला बसायला लागले. मी डिप्लोमा पुरा केला, नोकरीला लागले, आणि पुढची सगळी वर्षं जुन्या इमारती तपासून त्या धोकादायक आहेत का हे लिहून देण्यात गेली. हल्ली जेसीबी येतो आणि दुपारपर्यंत सगळं सपाट. आत काय होतं, कोण कुणावर टेकलं होतं, बघायला वेळ कुणाला आहे? लोक मला फार बारकाईनं काम करणारी बाई म्हणायचे. मी प्रत्येक खांबाच्या बुडाशी उकिडवी बसायची. ती बारकाई नव्हती हो, ती भीती होती. आबांशी मी त्या दिवसाबद्दल एकदाही बोलले नाही. ते गेले, आई गेली, मी निवृत्त झाले, आणि मग एके दिवशी सकाळी गारगोटीची एसटी धरली.

मामाची गावात पिठाची गिरणी आहे, आता मुलगा चालवतो. मामा बाहेर बाजेवर बसला होता, कुबडी शेजारी टेकवून. मी नाव सांगायच्या आतच म्हणाला, "सुमी न्हवं?" मामी आत चहा ठेवायला गेली. मी त्याच्यासमोर बसले आणि वाटेत एसटीत शंभरदा म्हटलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "मामा, त्या भिंतीवरची फुली आबांची नव्हती. माझी होती."

"मला ठावं हाय की," तो म्हणाला.

मी विचारलं, "आबांनी सांगितलं?"

"त्या दिवशी सकाळीच. मी त्येला इचारलं हुतं, मुकादम, ही भित काढू काय, तुम्ही बघितलीसा काय. तर म्हनला, सुमीनं बघितलीया न्हवं, मग मी कशाला बघू? काढ." मामानं कुबडीवर हात फिरवला. "धा वर्सं त्येच्या हाताखाली हुतो. दुसऱ्याच्या भरवशावर त्येनं कुणाला एक खिळा काडू दिला न्हाय. त्या दिवशीच दिला. दवाखान्यात माझ्या उशाला बसून त्येच म्हनत हुता, मारुत्या, मी हात लावून बघाय पायजे हुतं. हिला, तुझ्या मामीला, मी सांगितलं न्हाय. तू शिकत हुतीस, ही रोज तुमच्या दारात येऊन बसली असती."

मागं कपबशी वाजली म्हणून मी वळले. मामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि ती बराच वेळ उभी असावी. तिनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. माझ्याकडे बघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मी त्येच्या तोंडावर थुकले हुते गं," ती म्हणाली. "आन त्येनं पुसलं सुदीक न्हाय."

मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू मागंच हुतीस की, दारात."

"होते," मी म्हटलं.